धुळीला केलेला हात

पुढची गाडी मिळाली तर शेपटाचा फायदा काय होणार होता, ते आधी मांडून टाकू. पगार तोच राहणार होता. सुट्टीही आठवड्यातून एकच. मिळणार होतं ते फक्त स्वच्छ तोंड. पाहुण्यांची सहल घेऊन जंगलातल्या कच्च्या वाटेवर सहा गाड्या एकामागे एक निघाल्या की पहिला माणूस झाडं बघतो आणि सहावा माणूस पाचांची धूळ खातो. शेपूट सहा वर्षं सहावा होता, हे नाव त्यावरूनच पडलेलं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोळे तेवढे माणसाचे वाटायचे, बाकी सगळा विटेचा. त्याचं खरं नाव मालकाच्या हजेरीबुकात होतं, आणि तिथेच राहिलं होतं.

गाड्या म्हणजे साइड-बाय-साइड. दोन सीट शेजारी-शेजारी, जाडजूड टायर, दाराच्या जागी जाळी आणि वर लोखंडी नळ्यांचा सांगाडा. कामावरची मंडळी तिला पिंजरा म्हणायची. मधल्या गाड्या पाहुणेच चालवायचे, त्यांना मात्र तो शब्द ऐकू जाऊ द्यायचे नाहीत.

"शनिवारी तिसऱ्या फाट्यानंतर तू पुढे ये," मालक म्हणाले होते. "मी शेजारी बसतो. नीट चालवलीस तर पुढची गाडी तुझी."

"मग शेवटची कोण चालवणार?"

"ते तू बघ. पाहुण्याला शेवटी ठेवायचं नाही, भरवशाचं माणूस हवं."

शेपटाने भरवशाचं माणूस म्हणून बायकोला आणलं. ती बाजारात घड्याळं दुरुस्त करायची. दुकान वडिलांचं, डोळ्याला लावायचं भिंगही वडिलांचंच. मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरला की तिचा हात असा स्थिर राहायचा की गिऱ्हाईकच श्वास रोखून धरायचं. गाडी ती झकास चालवायची, फक्त या वाटा तिच्या पायाखालच्या नव्हत्या.

"आणि मी चुकले तर?"

"चुकशील कशी? नियमच आहे. प्रत्येक फाट्यावर पुढचा थांबतो. मागची गाडी डोळ्यांनी दिसली की हात वर करतो. मागच्याने उत्तरादाखल हात केला की मगच निघायचं. आणि तुझ्या पुढे मीच आहे."

"म्हणजे तू उभा दिसलास की वळायचं."

"एवढंच. आणि जरा अंतर ठेव, भिंगरीला खोकला आहे."

भिंगरी म्हणजे त्यांची आठ वर्षांची मुलगी. आई चालवणार म्हटल्यावर ती घरी थांबणं शक्यच नव्हतं.

निघण्याआधी एक कागद आला. काही झाल्यास जबाबदारी स्वतःची, अशा अर्थाचा. बायकोने तो खालपर्यंत वाचायला घेतला तेव्हा शेपूट म्हणाला, "अगं, सगळेच करतात. दुकान मांडू नकोस इथे." तिने सही केली.

पहिला फाटा सुरळीत गेला. दुसऱ्यावर तिने हात वर केला, जीभही दाखवली आणि ओरडली, "काय शेपूट, आज अंघोळ माझी का?" भिंगरी खोकत-खोकत हसली.

तिसऱ्या फाट्यावर रुंद वाट सरळ जात होती ती मोडक्या लाकडी पुलाकडे. गेल्या वर्षीच्या पाण्यात त्याच्या निम्म्या फळ्या गेल्या होत्या. आपल्याला जायचंच नाही तिकडे, म्हणून तिथे पाटी लावायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. जायचं होतं उजवीकडच्या अरुंद चढाने.

शेपूट थांबला. एक मिनिट. तीन मिनिटं. वरून मालकाचा हॉर्न आला, दोनदा, लांब. म्हणजे पुढे ये. शेपटाचा पाय अस्वस्थ झाला. तेवढ्यात मागच्या झाडांतून तांबूस, दाट धूळ उठली. सहा वर्षं धूळ खाल्लेला माणूस, धूळ ओळखायला काय लागतं! त्याने तिला हात केला. उत्तराचा हात आला नाही. धुळीत दिसला नसेल, असं म्हणून त्याने स्टिअरिंग वळवलं.

वरच्या मोकळ्या जागेत मालक पहिल्या गाडीत शेजारच्या सीटवर सरकले होते. आपली गाडी एका पाहुण्याकडे सोपवून शेपूट पुढच्या गाडीत बसला. समोर नुसती झाडं. त्याने खोल श्वास घेतला, तोवर मालकांनी गाड्या मोजल्या.

"पाच? सहावी कुठाय?"

"आली. दिसली मला."

"गाडी दिसली?"

"धूळ दिसली."

"कुणाची धूळ?"

शेपूट मागे वळला तसा उतारावरून खाली जाणारा वारा त्याच्या पाठीला लागला. हाच वारा मघाशी सुटला होता. शेपटाच्याच गाडीने उडवलेली धूळ मागे नेऊन वाऱ्यानेच परत उठवली होती.

तो जी गाडी हाताला लागली ती घेऊन सुटला. फाट्यावर उतरून गुडघ्यांवर बसला. मातीत ताजे टायर सरळ गेले होते. कुठे ब्रेक नाही, कुठे अडखळणं नाही. मोबाइलला रेंज नव्हती. त्याने हाका मारल्या तर त्याचाच आवाज परत आला. मग गाडी दामटत तो देत सुटला: पुढची गाडी नको, नोकरी नको, जन्मभर धूळ खातो, माझे डोळे घे, माझे पाय घे. ऐकणारं कुणी नव्हतं, तरी बोली वाढतच होती.

पुढून हॉर्न ऐकू आला. तुटक, बारीक, जसं एखादं पोर खेळत असावं.

पिंजरा पुलाखालच्या कोरड्या ओढ्यात आडवा पडला होता. वरच्या बाजूला भिंगरी पट्ट्याला लटकून एका हाताने हॉर्न दाबत होती. दुसऱ्या हाताने तिने आईचे केस घट्ट धरले होते. खालच्या बाजूला बायको होती. तिची जाळी उघडी होती आणि उजवा हात बाहेर, लोखंडी नळीखाली.

शेपटाने खांदा लावला. नळी जागची हलली नाही. पुन्हा लावला. मालक दोरखंड घेऊन पोचेपर्यंत तो ढकलतच राहिला आणि बरळत राहिला, "हात बाहेर का काढलास गं? जाळी का उघडलीस?"

"तुला शोधत होते," ती म्हणाली. आवाज अगदी दुकानातला होता, गिऱ्हाइकाला बिघाड समजावून सांगताना असायचा तसा. "वाट दोन बाजूंना फुटलेली दिसली. पण तू उभा नव्हतास. म्हटलं, मग हा फाटाच नसेल."

आता कुणाच्या वाट्याला काय आलं ते सांगतो. पाहुण्यांची अर्धी सहल बुडाली, त्याबदल्यात त्यांना वर्षभर सांगायला गोष्ट मिळाली. मालकांनी वाकलेल्या नळ्या सरळ करून घेतल्या, फाट्यावर पाटी लावली आणि तो सहीचा कागद जपून ठेवला. भिंगरीचा खोकला गेला. मात्र रस्ता ओलांडताना ती बापाचा हात धरत नाही. पुढची गाडी शेपटालाच मिळाली. असा माणूस आता पुन्हा चुकायचा नाही, असं मालक म्हणाले, आणि घरात दुसरी मिळकत उरली नव्हती म्हणून त्याने ती घेतली. संध्याकाळी तो स्वच्छ तोंडाने घरी येतो.

बायको डाव्या हाताने चिमटा धरायला शिकतेय. स्क्रू निसटतो, फरशीवर कुठेतरी टिचकन वाजतो, आणि शेपूट गुडघ्यांवर बसून तो शोधत राहतो. उजव्या हाताची तीन बोटं गेली. वाटेत शेपटाने देऊ केले होते ते डोळे, पाय त्याचे; गेलेली बोटं तिची होती.