चौकटीचे कोपरे

“हवं ते मागायचं नाही, वहिनी. त्याच्या अलीकडचं मागायचं. समोरची शहाणी असेल, तर पुढचं आपणहून देईल.”

वन्सं हे बोलल्या तेव्हा भावजय घरात नवी होती. इतकी नवी की आपलंच कपाट उघडतानासुद्धा आधी टकटक करील की काय असं वाटावं. रंगाच्या दुकानाची मागची खोली, पालथ्या डब्यांवर टाकलेली फळी, फळीवर पत्ते आणि हवेत टर्पेंटाइनचा वास. नणंद काय शिकवणार, स्वयंपाकाच्या खोड्या की सासरच्या चालीरीती, या धास्तीनं ती आली होती. नणंद शिकवत होती ब्रिज.

“हे बघ. समोरासमोर बसणाऱ्या दोघी एका बाजूच्या. आधी बोली लावायची, मग डाव खेळायचा. हुकमाचा रंग जी आधी बोलली, तिनं डाव खेळायचा. तिच्या जोडीदारणीनं आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसायचं. आता मी म्हटलं, एक नो-ट्रम्प. म्हणजे माझा हात भरलेला, पण कुठल्या एका रंगाचा हट्ट नाही. तुझ्याकडे बदामांची रांग लागलीय. तू काय म्हणशील?”

“दोन बदाम.”

“झालं! बदाम आधी तू बोललीस, म्हणजे डाव तुझ्या गळ्यात. माझा भरलेला हात टेबलावर उघडा, सगळ्या गावाला दर्शन. तू म्हणायचं, दोन चौकट. मग मी म्हणणार, दोन बदाम. डाव मी खेळणार, माझा बळकट हात झाकलेला राहणार आणि तुझा दुबळा उघडा पडणार. चोरासमोर रिकामी पेटी उघडी टाकावी गं, भरलेली नव्हे.”

“आणि इस्पिकांची रांग असेल तर?”

“तर म्हण दोन बदाम. इस्पिक मी म्हणेन.” मग वन्सं डब्याच्या झाकणावर बोटांनी ताल धरून गुणगुणल्या:

चौकट मागते बाई, बदाम पडो हाती,
बदाम मागते बाई, इस्पिकाशी माझी प्रीती.

“याला ट्रान्सफर म्हणतात. पाठ कर. संसारातही उपयोगी पडेल.”

आणि पडलंच की. भावजयीनं ही विद्या पत्त्यांपेक्षा घरात जास्त वापरली. “आज पोस्टात पार्सलांचा डोंगर होता,” असं ती म्हणाली की नवरा मुकाट्यानं कणीक मळायला घ्यायचा. “शेजारच्यांनी पडदे बदलले वाटतं,” म्हटलं की महिन्याभरात यांचेही बदलायचे. हवं ते सरळ मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. पोस्टाच्या खिडकीतसुद्धा, “आपल्या मागे रांग बरीच मोठी दिसतेय,” इतकंच म्हणून ती बोलघेवड्या गिऱ्हाइकांना वाटेला लावायची. रागावणं नाही, हट्ट नाही, आणि कुणाला कधी तोंडावर नाही म्हणणं तर नाहीच.

तिचे केस पांढरे झाले, वन्संचे तर कधीच झाले होते. पण टायरच्या दुकानावरच्या त्या लांबट खोलीत, ब्रिज क्लबात, नणंद-भावजयीची जोडी म्हणजे नाव होतं. समोरचे हरले की म्हणायचे, “घरात भांडत नाहीत, म्हणून सगळा राग आमच्यावर काढतात.”

मग क्लबात पेट्या आल्या. पूर्वी बोली तोंडानं लावायची, आता प्रत्येकापुढे छापील पट्ट्यांची पेटी. बोलायचं नाही, हवी ती पट्टी काढून समोर ठेवायची. खोली एकदम शांत झाली. आणि त्याच सुमाराला वन्सं चुकायला लागल्या.

परवाचीच गोष्ट. वन्संनी ‘एक नो-ट्रम्प’ची पट्टी ठेवली. भावजयीच्या हाती सहा बदाम, इस्पिकाचं एकुलतं एक पान. तिनं शिस्तीत ‘दोन चौकट’ ठेवली. वन्संनी ठेवली ‘दोन इस्पिक’. सावरावं म्हणून तिनं ‘तीन बदाम’ ठेवली, तर वन्संनी ऐटीत ‘चार इस्पिक’! दोघींची मिळून इस्पिकं चार, समोरच्यांची नऊ. सहा हातांनी बुडाल्या. वन्सं म्हणाल्या, “विसरले बाई. वय झालं.” आणि हसल्या.

क्लबाचे कप्तान दंतवैद्य होते. डाव संपल्यावर त्यांनी भावजयीला जिन्यापाशी गाठलं. दात काढायच्या आधी जो आवाज काढत असतील, तोच काढला.

“दुखणार नाही असं सांगतो, पण दुखेल. तुमच्या नणंदबाई विसरायला लागल्यात. रविवारी सामना आहे. भूगोलाच्या मास्तरांना जोडीदार नाहीये. तुम्ही त्यांच्याबरोबर बसा.”

“मास्तरांना तंबाखूची सवय आहे ना?” भावजय म्हणाली. तिला म्हणायचं होतं, मुळीच नाही.

“सोडलीय त्यांनी,” डॉक्टर म्हणाले. सगळेच काही ट्रान्सफर शिकलेले नसतात. “शुक्रवारपर्यंत नणंदबाईंना तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून बरं वाटेल त्यांना.”

गुरुवारी पोस्टाची खिडकी बंद करून ती वन्संच्या रंगाच्या दुकानात गेली. वाटेवर वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य मधेच माघारी वळत होतं. जिनं पत्ते हातात दिले तिच्याच हातातून ते काढून घ्यायचे, ते कुठल्या तोंडानं?

दुकानात आधीच रणधुमाळी चालू होती. एक कंत्राटदार प्लायचा रंगवलेला तुकडा नाचवत होता.

“ताई, वरचा अर्धा तुमचा आधीचा डबा, खालचा अर्धा आजचा. वर साय आहे, खाली लोणी! दवाखान्याची भिंत आहे हो. पेशंटला कावीळ झाल्यासारखं वाटतंय.”

“उन्हात धरलास तर लोणीच दिसणार. सावलीत जा.”

“सावलीतनंच आलोय.”

“मग वाळू दे. ओला रंग आणि नवा जावई, दोघांचा खरा रंग मागाहून कळतो.”

कंत्राटदार हसला, पण तुकडा ठेवून गेला. वन्संचा डोळा म्हणजे गावातलं माप होतं. यंत्रं आली तरी लोक जुन्या भिंतीचा पोपडा खिशात घालून त्यांच्याकडेच यायचे, आणि त्या नुसतं बघून म्हणायच्या, “पांढऱ्यात गेरूचं एक बोट, निळ्याची आठवण.” आज मात्र तो तुकडा त्यांनी उचलून नाकाशी नेला, परत ठेवला, आणि विषय बदलला.

“तोंड का असं? पार्सल फुटलं की नवरा?”

“वन्सं, रविवारचा प्रवास तुम्हाला झेपेल का?”

“बसनं जायचंय ना? बस चालणार, मी बसणार. झेपायचं काय त्यात?”

“नाही, म्हणजे… दिवसभर बसायचं. पाठ…”

“पाठ माझीच आहे, मी घेऊन येईन.” वन्संनी मागच्या खोलीतली फळी पुसली. “ये. चार बोली घोटू. परवा मी तोंडघशी पाडलं तुला.”

बसणं भाग पडलं. वन्संनी पत्ते पिसले. पिसताना अजूनही पाखरांचा थवा उडाल्यासारखा आवाज यायचा. आपली पानं त्यांनी जरा जवळ धरून लावली.

“एक नो-ट्रम्प,” त्या म्हणाल्या.

“दोन चौकट.”

“दोन बदाम. पुढे?”

पुन्हा वाटले. “दोन बदाम.” “दोन इस्पिक.” पुन्हा. “दोन चौकट.” “दोन बदाम. अगं, झोपलीस का? जरा अवघड घाल काहीतरी.”

भावजयीनं अवघड घातलं. फिरवून, उलटून, घाईत, मधेच दुधाचा भाव विचारून. वन्सं एकदाही अडखळल्या नाहीत. वर भावजयीच्या पहिल्या सामन्यातला डाव पानन् पान म्हणून दाखवला, तिनं किलवरची राणी कशी वाया घालवली त्यासकट.

विसरणारं माणूस असं असतं?

तिनं मनातल्या मनात परवाचा डाव परत मांडला. वन्सं ट्रान्सफर विसरल्या असत्या, तर चौकटीवरच पास म्हणून थांबल्या असत्या. तशा त्या एकदाही थांबल्या नव्हत्या. दर वेळी चौकटीला उत्तर इस्पिक. बदामाला मात्र नेहमी बरोबर. आणि परवाचे ते ‘चार इस्पिक’! आपली पहिली पट्टी बदामाची असती, तर ती बोली अगदी शास्त्रशुद्ध ठरली असती.

भावजयीनं गड्डीतली चौकटची दुर्री शोधली आणि काही न बोलता फळीपलीकडे, क्लबातल्या पट्टीइतक्या अंतरावर, उभी धरली.

“माझी बोली. तुम्ही नो-ट्रम्प म्हणालात, मी ही ठेवली.”

वन्संनी डोळे बारीक केले. क्षणभरच.

“दोन इस्पिक,” त्या म्हणाल्या.

भावजयीनं दुर्री हळूच फळीवर ठेवली, सरकवत सरकवत वन्संच्या बोटांपाशी नेली. वन्संनी ती उचलली, नाकाशी धरली.

“विसरले,” त्या म्हणाल्या. “वय झालं.”

“नाही विसरलात.”

“वहिनी, जा तू. कुलूप लावायचंय मला.”

एरवी ती उठली असती. म्हणाली असती, “अंधारून आलं वाटतं,” आणि चपला घातल्या असत्या. तिच्या जिभेवर तशी पाच-सहा वाक्यं अदबीनं हात जोडून उभीही राहिली. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं.

“नाही जाणार. ऐका. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला सोडून मास्तरांबरोबर बस. तेच सांगायला आले होते, आणि मला ते सांगायचं नाहीये. मला तुमच्याबरोबर खेळायचंय. रविवारीही आणि नंतरही. जिंकायला नाही मिळालं तरी चालेल, पण मला तुम्हीच हव्यात.” ती थांबली. आपलाच आवाज तिला परका वाटला, नव्या पायताणासारखा करकरणारा. “पेट्या बाजूला ठेवून बोली पूर्वीसारखी तोंडी लावता येते. मागितलं तर मिळतं. पण मागायचं कशासाठी, ते तुम्ही सांगायला हवं. ते मी नाही बोलणार.”

वन्संनी दुर्री फळीवर ठेवली.

“तीस वर्षं शिकवलं मी,” त्या म्हणाल्या, “आणि शेवटी सरळ बदाम बोललीस!”

“आता डाव माझ्या गळ्यात.”

“पड म्हणावं.” वन्सं हसल्या, पण हसू मधेच ओलं झालं. त्यांनी कंत्राटदाराचा तुकडा ओढून घेतला, सायीवरून लोण्यावर बोट फिरवलं, जणू रंगांची शीव बोटाला लागणार होती. “गावाला विसराळू रंगवाली चालते गं. लोक म्हणतात, बिचारी, पैसे परत द्यायचे विसरेल म्हणून आपणच मोजून घेऊ. पण…” तुकडा त्यांनी पालथा घातला. “पेट्या आल्या, आणि तुझा आवाज गेला. तोवर निभत होतं.”

भावजय काही बोलली नाही. जोडीदारणीची बोली चालू असताना बोलायचं नसतं, हेही वन्संनीच शिकवलं होतं.

वन्संनी हातातली तेरा पानं बघितली. मग एकेक करून ती फळीवर मांडली, तोंडं वर करून, रंगवार, दुबळा हात मांडतात तशी. मांडताना प्रत्येक पान आधी डोळ्यांपाशी गेलं, आणि आज त्यांनी ते लपवलं नाही.

“दिसत नाही मला, वहिनी,” त्या म्हणाल्या. “धुकं आहे नुसतं. चौकटीचे कोपरे झिजून गेलेत, सगळं लाल ते बदामच दिसतं, या वयात! डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की पाय गळतात माझे. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. माझा हात धर.”