माळ्यावरचं माहेर

"मावशी, दोन नंबरचं बेडपॅन!"

"ओ मावशी, इकडं पाणी सांडलंय ना!"

वाकोल्याच्या त्या लहानशा प्रसूतिगृहात कमळला नाव नव्हतं. नर्सपासून पेशंटच्या नवऱ्यांपर्यंत सगळ्यांची ती मावशी. हाक आली की ती उठायची, काम करायची, पण ओ द्यायची नाही. ओ तिनं एकीसाठी राखून ठेवली होती.

विनितासाठी. बहिणीची, राधाची मुलगी. राधा गेली तेव्हा ही पोर रांगतही नव्हती. दिवसांना जमलेल्या बायका म्हणाल्या, "माय मरो, पण मावशी जगो." कमळनं तो शब्द दागिन्यासारखा अंगावर घातला, मग मंगळसूत्र राहूनच गेलं. मुंबईत आल्यावर कळलं, इथं हा दागिना खोट्याच्या भावात जातो. मासे विकते ती मावशी, फरशी पुसते तीही मावशी.

फरशी पुसतानाच फोन वाजला. विनिताच होती.

"मावशी, रविवारी माझा खोळा भरायचाय. आपल्या ओटीसारखंच गं. लवकर ये."

"येतलंय तर! आणि तुका घेऊनच परततलंय. माळ्यावरल्या खोलीक रंग काढलो, पंखो नवो घातलो."

विनितानं आवाज खाली आणला.

"मावशी, ऐक ना. यांच्यात खोळा भरला की सुनेनं मागं न बघता पियरला, म्हणजे माहेरी जायचं असतं. पण मम्मी म्हणतात, एवढी धावपळ कशाला? समोरच्या जयाबेनकडं एक रात्र झोप, रीत पाळल्यासारखं होईल. मग बाळंतपण इथंच."

कमळनं फडका करकचून पिळला. समोरच्या दारातलं माहेर! आणि सासूला ते 'मम्मी'. पोर कशी म्हणायची तो शब्द, जिभेवर पेढा ठेवल्यासारखा. आई हा शब्द कमळनं कधी मागितला नव्हता. राधाचा म्हणून झाकून ठेवला होता. आणि ही बाई लग्नाच्या मांडवातच तो उचलून गेली. तोही भाषा बदलून, म्हणजे चोरी दिसू नये.

रविवारी ती घाटकोपरला पोचली. पिशवीत नारळ, हिरवा खण, पाच फळं. पदराच्या गाठीत खोलीची नवी करून घेतलेली किल्ली, विनिताला द्यायला.

"आवो आवो, कमळबेन!" विनिताच्या सासूनं, नीलाबेननं, तिला मिठीच मारली. हात कसे लोण्यासारखे. शिऱ्याचा वास येत होता. करपू दे मेला, असं कमळच्या मनात आलं. शिरा करपला नाही. फार छान झाला होता, तेच जास्त लागलं.

"आ कोण?" एका पाहुणीनं विचारलं.

"विनितानां मासी," नीलाबेन म्हणाली.

पाहुणी हसली. या घरात जो तो कुणाला तरी मासी म्हणत होता, शेजारणीला, भाजीवालीलासुद्धा. मग नीलाबेननं विनिताच्या गालावरून हात फिरवला. तिचे डोळे भरले होते. "मा ते मा, बीजा बधा वगडाना वा. राधाबेन असत्या तर आज किती खूश झाल्या असत्या ना!"

एवढं गुजराती कमळला कळत होतं. आई ती आई, बाकीचे रानातले वारे. एका गावी जिला मरण येऊ नये, ती दुसऱ्या गावी नुसता वारा. बाई मायेनं बोलली होती. म्हणून भांडताही येईना.

खोळा भरला. भरल्या पदरानं विनिता उंबऱ्याबाहेर आली. समोरचं दार उघडं, रांगोळी काढलेली, जयाबेन आरतीचं ताट घेऊन उभी. विनिता मधेच थांबली. मागं न बघता हळूच म्हणाली,

"मावशी, मला वाकोल्याला ने. चढेन मी शिडी."

"बेटा..." नीलाबेनचा चेहरा पडला.

कमळनं तो पडलेला चेहरा पाहिला. डोळे भरून पाहिला. पोटात जळणारी चूल दिवाळीसारखी उजळली. हात पदराच्या गाठीकडं गेला, किल्ली मोकळी झाली.

मग तिची नजर खाली गेली. विनिताच्या पावलांवर सूज होती, चपलेचे पट्टे मांसात रुतलेले. आणि माळ्यावरच्या खोलीची ती लोखंडी शिडी, भिंतीसारखी उभी. कमळ स्वतः दोर धरून उतरायची. संडास गल्लीच्या टोकाला.

किल्ली मुठीत घामेजली.

"अगो बाय, माहेर खय पळून जाता? पाय बघ तुजे." तिनं विनिताचं कोपर धरलं आणि तिला समोरच्या दाराकडं वळवलं. जयाबेनला म्हणाली, "मीपण राहिले तर चालेल?"

"राहा ना. पण पलंग एकच आहे."

"आमका जमीन चालता."

सांजवात झाली. नीलाबेन दुधाचा पेला घेऊन आली.

"तिथं ठेवा ना, मम्मी," विनिता म्हणाली. पेढा पुन्हा विरघळला. कमळनं तोंड भिंतीकडं केलं.

नीलाबेन गेल्यावर तिनं ती सुजलेली पावलं मांडीवर घेतली. तळवे चोळता चोळता ओठांवर ओवी आली,

*बहिणीची गं लेक माझ्या कडेला वाढली*
*मागल्या दारची जाई पुढल्या दारी फुलली*

"मावशी," विनिता गुंगीत म्हणाली.

"ओ."

"काही नाही गं."

तिचा श्वास संथ झाला. कमळनं किल्ली परत पदराच्या गाठीत बांधली. पेल्यातल्या दुधावर माशी घिरट्या घालत होती. कमळ त्या माशीकडं बघत राहिली, पडते का म्हणून जरा वेळ बघतच राहिली. मग हात लांब करून तिनं पेल्यावर बशी झाकली.