पश्चिमेकडची गाठ

दुपारी साडेतीनला पश्चिमेकडचं आभाळ काळवंडलं आणि मिस्त्रींना उबग आला तो आधी माणसांचा. आभाळाचा नंतर आला.

कारण ढग दिसला रे दिसला की जो तो हवामानखातं होतो. साबणाच्या कारखान्याचा पंचविसावा वाढदिवस होता. मागच्या सिमेंटच्या आवारात मिस्त्रींनी मांडव घातला होता, आणि वेळेआधीच येऊन पंख्याखालच्या खुर्च्या पटकावून बसलेली पाहुणेमंडळी माना वर करून बोलत होती. "येणार, नक्की येणार." "छे हो, हुलकावणी देणार. मोबाइलवर चाळीस टक्के दाखवतायत." चाळीस टक्के! म्हणजे काय, चाळीस खुर्च्या भिजणार आणि साठ कोरड्या राहणार? मिस्त्रींना पचकन थुंकावंसं वाटलं, पण तोंडात थुंकी नव्हती. सदरा पाठीला असा चिकटला होता की सोलून काढावा लागला असता. त्यात कारखान्याचा तो वास. चरबी उकळल्याचा वास एक वेळ परवडला, पण तो लपवायला वरून गुलाबाचं अत्तर ओततात, आणि दोन्हींचं मिळून जे काही होतं त्याने सकाळचा चहा घशाशी येत होता.

मग निघाल्या आठवणी. एका टकल्या गृहस्थांनी लहानपणी लिंबाएवढ्या गारा पाहिल्या होत्या. शेजारच्याने लगेच संत्र्याएवढ्या काढल्या. तिसऱ्याच्या आत्याच्या घराचे पत्रे उडाले ते थेट शेजारच्या घरावर जाऊन नीट बसले म्हणे, खिळेसुद्धा मारावे लागले नाहीत. सगळे खो-खो हसले. प्रत्येकाच्या वादळात तो स्वतः शूर होता. कुणी म्हातारीला उचलून आणलं, कुणी गाय सोडवली, कुणी पडलेली तार काठीने बाजूला केली. ऐकता ऐकता मिस्त्रींच्या कानांना शिसारी आली.

"तुमच्या वडिलांचं ऐकलंय बरं का आम्ही," टकले गृहस्थ मांडववाल्या धाकट्या मालकांना म्हणाले.

झालं. आता हा सुरू होणार. मिस्त्री तिथून सटकले आणि पाण्याने भरलेल्या एका पिंपाचं झाकण उगाचच घट्ट करत बसले. आवार सिमेंटचं, जमिनीत मेखा ठोकायची सोय नाही, म्हणून प्रत्येक खांबाच्या पायाशी असं एकेक पिंप बांधलं होतं. पण धाकट्या मालकाचा आवाज असा खणखणीत की पिंपात डोकं घातलं असतं तरी ऐकू आला असता.

"मी आठ वर्षांचा होतो," तो सांगत होता. "असाच उन्हाळा, असंच आभाळ. मांडवात तीनशे माणसं. वादळ आलं आणि मधला खांब उचलला गेला. बाबांनी खांबाला मिठी मारली. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत सोडला नाही. मग मांडव त्यांच्यावर आला."

"वा!" कुणीतरी म्हणालं. माणूस मेल्याचं ऐकून 'वा' म्हणणाऱ्यांची मिस्त्रींना किळस यायची. आणि किळस यायची त्या गोष्टीची, जी एकोणीस वर्षांत इतकी गुळगुळीत झाली होती की कुठे हात लावला तरी टोचत नव्हती. मांडवाच्या टेंपोवर रंगवलं होतं, 'वादळातही खांब न सोडणारे'. छापील कार्डावर खांबाला मिठी मारलेला माणूस होता, मिशीवाला. थोरल्या मालकांना, म्हणजे याच्या बापाला, मिशी नव्हतीच. पण सगळ्यात जास्त किळस यायची ती स्वतःची, कारण ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली होती मिस्त्रींनीच.

ढगाच्या पोटात गुरगुरलं. मिस्त्री उठले आणि सवयीने पश्चिमेच्या बाजूला गेले. वादळ येतं ते तिकडूनच. त्या बाजूच्या गाठी पाहिल्याशिवाय त्यांना कुठल्याच मांडवात पाणी गोड लागायचं नाही.

गाठी नव्हत्याच. छताच्या कडेला ओळीने काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या होत्या. ओढल्या की करकचून बसतात, आणि मग काही केलं तरी सुटत नाहीत, कापाव्याच लागतात.

"लंबू!" मिस्त्री ओरडले. लंबू म्हणजे त्यांचा विशीतला मदतनीस, शिडीशिवाय छताला हात पोचणारा. "हे कुणी केलं?"

"धाकट्या मालकांनी आणल्या पट्ट्या. लवकर होतं म्हणाले. तुम्ही तेव्हा स्टेजच्या मागे होतात."

"आणि तू बांधल्यास?"

"मालक म्हणाले तर काय करू, मिस्त्री?"

मांडवाच्या धंद्यात बाकी काही आलं नाही तरी चालतं, एवढं यावंच लागतं. वाऱ्याच्या बाजूचं छत सुरगाठीनेच बांधायचं. एक शेपूट मोकळं ठेवायचं. वारा भरला की ते शेपूट ओढायचं, गाठ सुटते, कापड फडफडत मोकळं होतं, फाटेल फार तर, पण सांगाडा उभा राहतो. त्या बाजूला निरगाठ मारली तर छतात वारा कोंडतो आणि अख्खा मांडव खांबापिंपांसकट उचलतो. मग खाली कोण आहे ते तो बघत नाही. प्लॅस्टिकची पट्टी म्हणजे निरगाठीचीही आजी.

मिस्त्री तरातरा मधल्या खांबाकडे गेले. धाकटे मालक तिथे माणसं वाटत होते. एका खांबाला एक गडी.

"छत उतरवू या," मिस्त्री हळूच म्हणाले. "माणसांना गोदामात बसवू. अर्ध्या तासात आभाळ मोकळं होईल, मग पुन्हा चढवू."

"काका, डोकं फिरलंय का? पाच वाजता भाषणं सुरू. दोनशे माणसं आलीत, दोनशे येतायत."

"म्हणूनच म्हणतोय. पश्चिमेला तू पट्ट्या मारल्यास. त्या सुटत नाहीत."

"सुटू नयेत म्हणूनच मारल्यात ना! तुमच्या त्या गाठींनी कापड लोंबतं. कारखान्याच्या मॅनेजरने मागच्या खेपेला किती ऐकवलं." त्याने बाह्या वर सरकवल्या. "वारा आला तर धरू की. प्रत्येक खांबाला माणूस उभा केलाय. मधला मी धरतो."

"पोरा, खांब धरून मांडव राहत नसतो रे."

तो हसला. अगदी प्रेमाने हसला, म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसा. "बाबांनी सोडला होता का, काका?"

त्याच वेळी पहिला झोत आला. छत पोटात वारा घेऊन टम्म फुगलं, आणि पश्चिमेकडचं एक पिंप सिमेंटवर किर्रर्र करत वीतभर सरकलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, काय गार वाटलं म्हणून. एक बाई मुलाला मांडीवर घेऊन त्या पिंपाला खुर्ची टेकवूनच बसली होती. आणि धाकट्या मालकाने दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. चेहऱ्यावर एक आनंद होता. आठव्या वर्षापासून हा पोरगा याच घटकेची वाट बघत होता, हे मिस्त्रींना त्या क्षणी कळलं. हे विष कुणी पाजलं? आपणच पाजलं, वाटी वाटी भरून.

"तुझ्या बापाने खांब धरलाच नव्हता," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"धरला नव्हता. पश्चिमेच्या गाठी मी बांधल्या होत्या. आदल्या दिवशी कापड लोंबलं म्हणून दादा, तुझे बाबा, मला चार माणसांत बोलले होते. मला राग आला. म्हटलं, घ्या, आता बघतो कसं लोंबतं. सगळ्या निरगाठी मारल्या. सूड म्हणून मारल्या रे. वारा आला तेव्हा दादा ओरडत होते, सोड, छत सोड! मला एकही गाठ सुटेना. ते धावत आले, मला बाजूला ढकललं आणि दातांनी गाठ सोडवायला लागले. त्या बाजूचा खांब त्यांच्या डोक्यात आला."

"आणि तुम्ही?"

"मी पळालो."

पोराचे हात अजून खांबाभोवतीच होते. मिठी तशीच, नुसता तोंडावरचा रंग उतरला.

"लोकांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, खांब धरून उभे होते. तोंडातून निघून गेलं. मग वहिनींना, तुझ्या आईला, तेच सांगितलं. त्यांना तेवढाच आधार वाटला. मग परत फिरता येईना."

दुसरा झोत आला. पिंप आणखी सरकलं आणि त्या बाईने मुलाला छातीशी धरून खुर्ची सोडली. धाकट्या मालकाने मिस्त्रींकडे असं पाहिलं की जणू त्यांच्या अंगावर काहीतरी वळवळत होतं. मग त्याने खांब सोडला.

"लंबू," तो ओरडला, "टेंपोतला कटर आण! सगळी माणसं गोदामात! उठा, उठा, भाषणं नंतर!"

पुढची दहा मिनिटं नुसती पळापळ. टकले गृहस्थ, ज्यांनी लिंबाएवढ्या गारा झेलल्या होत्या, ते सर्वांच्या आधी गोदामात पोचले. लंबू पट्ट्या तोडत होता, मिस्त्री शिडीवर चढून कापड खाली ओढत होते, एक कड सुटली, दुसरी सुटली, आणि अख्खं छत भुस्सकन स्टेजवर येऊन पडलं. हार, माइक, मॅनेजरसाहेबांची खास मऊ खुर्ची, सगळं त्याखाली गेलं.

मग वादळ आलं. आलं म्हणजे काय, चार मूठ धूळ डोळ्यांत गेली, कागदाचे पेले इकडून तिकडे गडगडले, दहा-बारा थेंब टपटपले आणि ढग गावाला वळसा घालून निघून गेला. लांबवर कुठेतरी गडगडलं, तेही जांभई दिल्यासारखं. ऊन परत पडलं. सांगाडा जागच्या जागी उभा होता. असल्या वाऱ्यात मांडव उभा राहिलाही असता. नसताही राहिला. आता ते कुणाला कळणार?

गोदामातून पाहुणे हसत बाहेर आले. "चाळीस टक्के म्हटलं नव्हतं?" एकजण म्हणाला. मॅनेजर मात्र हसत नव्हते.

"हेच का तुमचं खांब न सोडणं?" ते धाकट्या मालकांवर उखडले. "दोन थेंबांत पळापळ! अख्ख्या कार्यक्रमाची शोभा केलीत. कुणी सांगितलं कापायला?"

"मी सांगितलं," धाकटे मालक म्हणाले. "साडेपाचपर्यंत पुन्हा चढवून देतो."

आणि चढवलं. दोरीने, गाठी मारून. या सगळ्या वेळात तो जे सांगायचं ते लंबूला सांगत होता. मिस्त्रींना तर स्वतःच्या तोंडाचीच शिसारी आली होती. एकोणीस वर्षं मिटून ठेवलेलं तोंड उघडलं ते कशासाठी, तर असल्या भिकारड्या वाऱ्यासाठी! खरं वादळ येतं, मांडव उडतो, माणसं थोडक्यात वाचतात, तर त्या बोलण्याला काही किंमत तरी आली असती. आता ते नुसतंच बोललं गेलं होतं, सांडलेल्या तेलासारखं, पुसावं तितकं पसरणारं.

भाषणं सुरू झाल्यावर धाकटे मालक टेंपोमागे आले. मिस्त्री पायरीवर बसले होते. तो समोर उभा राहिला, नखाने टेंपोवरचा रंग खरवडत.

"काका," तो म्हणाला, "ते मघाचं. मी ऐकत नव्हतो म्हणून बोललात ना? मला घाबरवायला?"

मिस्त्रींनी वर पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर असा लोचटपणा होता, मिठाईच्या डब्याकडे बघणाऱ्या लहान मुलाचा असतो तसा, की त्यांना बघवेना. सत्तावीस वर्षांचा घोडा, पण हे विचारताना पुन्हा आठ वर्षांचा झाला होता. 'हो' म्हणायचा अवकाश, सगळं जिथल्या तिथे बसलं असतं. टेंपोवरची अक्षरं, कार्डावरचा मिशीवाला, वहिनींचा आधार, आणि रोज दोन वेळा त्यांच्या हातची भाजीपोळी खाणारे मिस्त्री. 'हो' अगदी जिभेवर होतं, थुंकीसारखं.

"काका, बोला ना. म्हातारपणी काहीही बोलायला लागलात तुम्ही, असं म्हणतो मी आणि सोडून देतो."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तसंच घडलं होतं."

"पुन्हा विचारतोय."

"पुन्हा सांगतो. दादा दातांनी गाठ सोडवत होते आणि मी पळालो."

आत टाळ्या वाजल्या. पोराने खिशातून टेंपोची किल्ली काढली.

"मांडव लंबू बघेल. चला घरी. मला सांगितलंत तसंच आईला सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मी तिथे उभा राहणार."

"आत्ता?"

"मग काय पुढच्या उन्हाळ्यात?"

मिस्त्री उठून त्याच्या शेजारच्या सीटवर बसले. रस्ताभर ते वहिनींना सांगायचं पहिलं वाक्य जुळवत राहिले. दादांपासून सुरुवात करून पाहिली, वाऱ्यापासून करून पाहिली, आदल्या दिवशीच्या भांडणापासून करून पाहिली. पण ज्यात ते स्वतः पळाले नाहीत असं एकही वाक्य त्यांना घर येईपर्यंत सापडलं नाही.