चिरलेल्या पोटाचं धनुष्य

मित्रांनो, कारागिराच्या दुकानात दाराजवळच्या खिळ्याला जे जुनं लाकडी धनुष्य लटकलंय, ते मी. माझ्या पोटावर, म्हणजे ओढणाऱ्याकडं असते त्या बाजूवर, आडव्या बारीक चिरा आहेत. येणारा प्रत्येकजण त्यांवरून बोट फिरवतो आणि ‘अरेरे’ म्हणतो. फुकटची कीव आहे, पण मी घेतो.

मी इथंच घडलो. मुठीच्या वर-खाली रुंद, चपट्या पात्यांचा. कारागिराला सगळे मामा म्हणतात. मामांची रीत अशी की धनुष्य अर्धवटच ठेवायचं. गिऱ्हाईक निवडेल, मग त्याचा हात मोजायचा, आणि त्या हाताएवढंच वाकायला लाकडाला शिकवायचं. थोडं तासायचं, थोडं वाकवायचं, पुन्हा तासायचं.

एक दिवस इस्पितळातली एक नर्स आली. तिनं आधी सगळ्यांत जाडजूड, चकचकीत धनुष्याला हात घातला. माणसं धनुष्य निवडताना बहुधा दुसऱ्यांना काय वाटेल ते बघून निवडतात, हे मी बघत आलोय.

“ते तुम्हाला शोभेल ताई, खांद्याला नाही शोभायचं,” मामा म्हणाले. “उद्या पेशंटला उचलायचं की स्वतःच पेशंट व्हायचं?”

ती हसली आणि तिनं मला उचललं. मूठ हातात बसली. मामांनी तिचा हात मोजला, मला तिच्यापुरतं घडवलं आणि देताना बजावलं, “याच्या पुढं ओढायचं नाही. लांब हाताच्या माणसाला तर द्यायचंच नाही. मागितलं तर सांगा, माझा टूथब्रश आहे.”

ताईनं मला जपलं, खोटं कशाला बोलू? नेम धरून झाला की लगेच दोरी उतरवायची, मला पुसायची, कोरड्या खोलीत आडवं ठेवायची. एका स्पर्धेत ती पहिली आली. बक्षीस तिला, टाळ्या तिला, हार तिला. मला कुणीतरी कोपऱ्यात छत्र्यांशेजारी उभं केलं. तरी मी खूश होतो.

मग तिचा दीर राहायला आला. उंच, हात गुडघ्यापर्यंत.

“वहिनी, द्या की जरा. काठीच तर आहे.”

“हात लांब आहेत हो तुमचे, भाऊजी.”

“खाणार नाहीये मी ते.”

तिनं दिलं. त्यानं दोरी ओढली, ती ताईच्या मापापर्यंत आली. तिथं थांबला असता तर मी आज या खिळ्यावर नसतो. पण ताईनं मोबाइल डोळ्यांसमोर धरला होता. “अजून थोडं मागं घ्या भाऊजी,” ती म्हणाली, “फोटो झकास येईल.”

फोटो झकास आला. माझं पोट चिरलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मामांकडं आली. सोबत इस्पितळातल्या दोघी मैत्रिणी होत्या, त्यांनाही धनुष्यं घ्यायची होती. मला वाटलं, आता खरं बाहेर येईल.

“मामा, लाकूड कच्चं निघालं,” ताई म्हणाली. “साधं ओढलं तर चिरलं.”

मामांनी माझ्या पोटावरून अंगठा फिरवला. चिरांपाशी थांबवला. मापापुढं ओढलंय, हे त्यांना कळलं. त्यांनी ताईकडं बघितलं, मग भिंतीवरची धनुष्यं न्याहाळणाऱ्या त्या दोघींकडं बघितलं.

“होतं असं कधीकधी,” ते म्हणाले. “झाडातच खोट असते. तुम्ही दुसरं निवडा.”

ज्यानं मला घडवलं, त्यानंच. त्या दिवसापासून ते मला दाखवून गिऱ्हाइकांना सांगतात, “बघा, कच्चं लाकूड असं दगा देतं.” दगा मी दिला म्हणे.

मित्रांनो, धनुष्य घ्यायला आलात तर आधी आपला हात मोजा, मग त्याला शोभेल तेच उचला. ते कुणाच्या हाती द्यायचं याचाही विचार करा. तरी मोडलंच, तर कसं मोडलं ते खरं सांगा. चिरलेलं पोट आम्ही सोसतो. खोटा आळ सोसवत नाही.

परवा ताई आली होती, नव्या धनुष्याची दोरी बदलायला. दीर बरोबर होता. त्यानं सवयीनं हात पुढं केला, तसं तिनं धनुष्य पाठीमागं लपवलं.

“नाही हं भाऊजी,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं चिरेल ते.”

आणि माझ्याकडं न बघता दाराबाहेर पडली.