सहा मिनिटांचा निरोप

त्याने फोन प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेत उभा केला, आवाज वाढवला आणि वेग दुप्पट केला.

"ऐका हो, आमचे बाबा. परवाचा राहिलाय. सहा मिनिटं चाळीस सेकंद!"

कवळ्या बनवायच्या त्या खोलीत जेवणानंतर हा कार्यक्रम ठरलेलाच असे. वडील एकटे राहत आणि रोज एक निरोप बोलून पाठवत. तीस वर्षं त्यांनी दारोदार जाऊन पाण्याचे मीटर वाचले होते. प्रत्येक दाराशी थांबून चार शब्द बोलायची सवय जिभेला जडली होती. नोकरी संपली, दारं संपली, सवय तेवढी उरली. दुप्पट वेगात त्यांचा जडसा आवाज पोपटासारखा होई. पहिलं मिनिटभर ऐकून हसून झालं की तो उत्तरादाखल एक अंगठा पाठवी आणि कामाला लागे. या निरोपाला तर त्याने न ऐकताच अंगठा पाठवला होता.

"हॅलो-बाळा-जेवलास-का-मी-जेवलो-शेजारच्यांची-मांजर-आज-पुन्हा-माझ्या-खुर्चीत…"

पॉलिशवाल्याने यंत्र बंद करून टेबलावर थाप मारली. मेणाचं काम करणाऱ्या बाईंना हसताना ठसका लागला. त्याने स्वतःच मान हलवत, ओठ भराभर मिटत-उघडत वडिलांची नक्कल सुरू केली. तेवढ्यात बाईंचं हसू मध्येच तुटलं. त्या त्याच्या पाठीमागे बघत होत्या.

दारात वडील उभे होते. हातात रुमालाची घडी, घडीत खालची कवळी. चपला त्यांनी बाहेरच काढल्या होत्या.

फोन झडपताना त्याचा हात लागून एक जबडा खाली पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. पोपट मांजरीबद्दल अजून बोलतच होता. नेमकं बटण त्याला सापडेना.

सगळ्यांत आधी हसले ते वडीलच. खालच्या दातांवाचून त्यांचं हसू पार हनुवटीत बुडून गेलं.

"अरे वा! या वेगाने बोललो असतो तर दिवसाला दुप्पट मीटर झाले असते की माझे. साहेब खूश!"

पॉलिशवाला हसला, बाई हसल्या, आणि खोलीत पुन्हा श्वास फिरला. वडिलांनी खाली वाकून जबड्याचे दोन्ही तुकडे उचलले आणि टेबलावर एकाशेजारी एक ठेवले.

"खालची टोचतेय रे डावीकडे. येतो म्हणालोच होतो तुला."

"हो, हो. बसा ना बाबा."

त्याने कवळी घेतली आणि दिव्याखाली धरली. ती त्यानेच बनवली होती. कुठे टोचते ते दिसत होतं, तरी तो बराच वेळ बघत राहिला. मान वर केली असती तर समोर त्यांचा चेहरा आला असता. मग त्याने यंत्र लावलं आणि गुलाबी भुकटी बोटांवर उडू लागली.

"परवाचं ऐकलंस ना?" यंत्राच्या आवाजात वडिलांनी मोठ्याने विचारलं. "शेवटपर्यंत?"

"ऐकलं की."

"अंगठा आला होता तुझा. पण म्हटलं, तोंडून ऐकावं. मग, चालेल ना तुला?"

काय चालेल, हे विचारायची सोय त्याने ठेवली नव्हती. रविवारी जेवायला यायचं असेल, नाहीतर कुठल्या तरी कागदावर सही.

"चालेल की बाबा. त्यात विचारायचं काय?"

यंत्र थांबलं. वडील त्याच्या हातांकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "मग कळवतो त्यांना."

कवळी बसवून त्यांनी दोनदा दात मिटून पाहिले. छान झाली म्हणाले, बाईंना येतो म्हणाले, आणि जिना उतरून गेले. त्यांना खालपर्यंत सोडायला जावं म्हणून तो उठला, पण दारापर्यंत जाऊनच परत फिरला.

मग फोन घेऊन तो मागच्या बोळात, प्लास्टरच्या पोत्यांपाशी गेला आणि तो निरोप त्यांच्या मूळ वेगाने ऐकू लागला. मांजर झाली, गुडघा झाला, डावीकडे टोचणारी कवळी झाली. चौथ्या मिनिटाला वडिलांनी घसा खाकरला.

"तर बाळा, मुद्द्याचं. आता मला जिना झेपत नाही. गावाबाहेर वृद्धांचं एक निवासस्थान आहे, ते बघून आलो. एका खोलीत दोघं. बरं आहे. परवापर्यंत होकार द्या म्हणालेत. म्हटलं, मुलाला विचारतो. तू 'नको' म्हणालास तर विषय संपला. फक्त ते अंगठ्याने सांगू नकोस रे, त्याचा अर्थ मला लागत नाही. कवळी घेऊन येईन, तेव्हा तोंडाने सांग." मग त्यांनी पुन्हा घसा खाकरला. "घाई नाही. कामं आटप तुझी."

त्याने लगेच फोन लावला. वडिलांनी उचलला तेव्हा मागून रस्त्याचा गलका येत होता.

"बाबा, मी… मी तो निरोप ऐकला नव्हता. खोटं बोललो. आत्ता ऐकला."

बोलून झाल्यावर त्याला सुटल्यासारखं वाटलं. आता वडील रागावतील, चार शब्द सुनावतील, आणि मिटेल.

वडील रागावले नाहीत.

"सगळा ऐकलास?"

"सगळा."

"बरं झालं. मग आता सांग."

त्याने तोंड उघडलं. शब्द एकच होता, दोन अक्षरांचा. पण त्याच्याआधी दोन खोल्यांचं घर पुढे आलं, मुलांची अभ्यासाची टेबलं आली, बायकोचा चेहरा आला, आणि रोज संध्याकाळी, अगदी समोर बसून, साध्या वेगाने बोलणारे वडील आले. हातावरची गुलाबी भुकटी तो अंगठ्याने पुसत राहिला.

पलीकडे वडील थांबले होते. गलक्यातून त्यांचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता.

"हॅलो?" शेवटी ते म्हणाले. "आवाज तुटतोय रे तुझा. रेंज नसेल तिकडे. राहू दे बाळा, ठेवतो."