शिंपीकाकांच्या कमरेची शिलाई

नाक मुरडू नका, जरा बोलू द्या. मी शिंपीकाकांच्या पोटातली चरबी. मी नुसती बसून खाते असं सगळ्यांना वाटतं. अहो, मी दिवसभर रक्तातून निरोप धाडत असते! लहान होते तेव्हा "पोट भरलं, आता पुरे" हा माझा निरोप मेंदू निमूट ऐकायचा.

तेव्हा काका पायाने मशीन चालवायचे. राबता राबता पोटऱ्यांचे स्नायूही निरोप पाठवायचे, "साखर इकडे द्या! चरबीबाई, तुमच्याकडचंही सोडा थोडं!" मी कुरकुरत द्यायचे. हृदय खुशीत असायचं.

मग मशीनला मोटर लागली. पोटऱ्या गप्प झाल्या आणि मी ऐसपैस पसरले. पँट आवळली की दुसरा कुणी चपापला असता. आमचे काका पडले शिंपी! शिलाई उसवायची, कंबर सैल करायची, की झालं. गावाची मापं घेणाऱ्या या माणसाने स्वतःला कधी टेप लावलीच नाही.

दाटी झाली तसे माझे निरोप बिघडले. मेंदू ऐकेना. मी भलतंसलतं कळवू लागले. साखर रक्तात रेंगाळली, रक्तवाहिन्या आतून सुजल्या, हृदय दमू लागलं. मला फार वाईट वाटायचं. काकांशिवाय मला तरी कोण आहे?

एक दिवस दुकानाचा जिना चढताना काका छाती धरून मध्येच बसले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात." गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. घरी लेकीने त्यांची पँट उलटी केली. आत उसवलेल्या शिलायांच्या खुणाच खुणा.

"बाबा, हे काय?"

"कापड आटतं गं."

"सगळ्याच पँटी आटल्या? उभे राहा, माप घेते."

काकांनी श्वास रोखून मला आत ओढलं.

"पोट सोडा. गिऱ्हाइकांना काय सांगता तुम्ही?"

काकांनी श्वास सोडला. टेपकडे बघत हळूच म्हणाले, "आता सैल करायला आत कापडच उरलं नाही."

त्याच आठवड्यात काकांनी मशीनच्या मोटरचा पट्टा काढला आणि पुन्हा पायाने मशीन चालवायला घेतली. गोळ्या चालू आहेत, संध्याकाळी लेकीबरोबर फिरणंही. पोटऱ्यांचे निरोप पुन्हा येतात आणि मी थोडी थोडी निघतेय. सगळी घालवू नका हं, थोडी मी कामाची आहे. आणि तुमची पँट आवळली, तर आधी तिचं ऐका.

काल काकांनी आपली पँट मशीनवर घेतली आणि कंबर आतल्या जुन्या खुणेवर पुन्हा शिवली, पायाने. वर हृदय शांत चाललं होतं. माझी जागा गेली, पण घर वाचलं.