एकशे नववा मणी

...केरात आलेलं ते काहीतरी तिने आधी बटणच समजून बाजूला ठेवलं होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या केरात दुसरं काय येणार! पण लाकडाचा तो तेलकट काळेपणा बोटांनी ओळखला — आईच्या जपमाळेतला मणी, चार महिने पलंगाच्या पायामागे पडून राहिलेला. आई जाऊन पंधरा दिवस झाले होते.

खुंटीवरची माळ काढून तिने मणी मोजले. एकशे आठ. पुन्हा मोजले, तरी एकशे आठच. म्हणजे हा एकशे नववा... म्हणजे त्या एकशे आठांत मेरुमणीही ओवला गेलाय — तो, जिथे पोचलं की ओलांडायचं नसतं, माळ उलटी फिरवायची असते.

तिला आठवलं: माळ तुटली तेव्हा आईला दिसायचं पार बंद झालं होतं. एकशे आठ भर गं, एवढंच ती म्हणाली, आणि मी भरले. मेरू वेगळा धरायचा हे काय सांगायचं, असं तिला वाटलं असणार. आणि मला कुठलं ठाऊक, मी कधी तिच्याजवळ बसले होते? झिजून झिजून मेरूही बाकीच्यांएवढाच झालेला. कुजका गोंडा मी फेकून दिला. वर शहाणपण असं, की गाठ मण्याच्या पोटात ओढून घेतली — गाठ हाताला लागली तर ते काम कसलं! माळ तिच्या हातात देताना केवढी ऐट होती माझी.

तेव्हापासून आईचा जप संपेचना. चहा निवायचा, अंघोळीचं पाणी गार व्हायचं, अंगठा आपला मणी ओढतोय. एकदा म्हणाली, "अगं, मेरू येत नाहीये."

मशीनवरून मान न उचलता हिने म्हटलं होतं, "येईल हो, येईल." मनात म्हटलं, झालं, आता डोकंही चाललं म्हातारीचं. आईने पुन्हा विचारलं नाही.

दादा दुपारी माळ न्यायला येणार होता. शेवटी शेवटी आई नामात इतकी रंगली की थांबायचं नाव घेईना, असं तो भेटेल त्याला सांगत होता. लोक हात जोडत, आणि ते बघून हिलाही बरं वाटायचं. आता मात्र...

दोरा कापायचा, मेरू वेगळा काढायचा, हा मणी आत घ्यायचा. दहा मिनिटांचं काम, दादाला पत्ताही लागला नसता. तिने कात्री उचलली. पण साडेतीन महिने आई ज्या दोऱ्यावरून थांबायची जागा शोधत फिरली, तो हाच — तो कापून टाकायचा आणि काही झालंच नाही म्हणायचं? निदान मेरू कुठला ते तरी कळू दे, म्हणून तिने डोळे मिटले आणि अंगठ्याने एकेक मणी ओढायला लागली. हा? नाही. हा... हाही नाही. कुठे अडत नव्हतं, कुठे गाठ लागत नव्हती. काम खरंच चोख झालं होतं.

दारात चपला काढत दादाने विचारलं, काढून ठेवलीस ना माळ. तिला हो म्हणायचं होतं.

"मेरू येत नाहीये रे," ती म्हणाली, आणि पुढचा मणी ओढला.